अठराशे रुपयांचा दुभाषी

लॅमिंग्टन रोडच्या त्या बोळात
काउंटरमागचा झुबेर मला म्हणाला,
काका, प्लेअर भंगारात देऊ नका.
वाचतो तो अजून व्यवस्थित,
बोलताना जीभ जड होते एवढंच.
बोलायचं काम याला द्या.
आणि काडेपेटीहून जरा मोठं एक काळं खोकं
माझ्या तळहातावर ठेवलं.

अठराशे. तार धरून एकवीसशे.
मी सतराशेला मागितलं, तो हसला,
आणि एकवीसशेच घेतले.

मला कळलं काय ते.
तीस वर्षं मी लघुवाद न्यायालयात दुभाषी होतो.
मालक भाडेकरूच्या आईवरून बोलायचा,
मी साहेबांना सांगायचो,
साक्षीदार नाराज आहे.
एक आणि शून्य, शून्य आणि एक,
यांचं गाणं करून सांगणारा हा
माझ्याच जातकुळीचा.

माहीमला घरी येऊन कपाट भिंतीपासून ओढलं.
प्लेअरच्या पाठीला रबरी बूच,
अठ्ठ्याण्णवपासून कुणी न काढलेलं.
नखाने उचकटलं तर आत
लाल ठिपका जळत होता.
म्हणजे एवढी वर्षं
मी पुढून आवाज लहानमोठा करत बसलो
आणि मागे हा, तोंडात बूच घेऊन,
तयार.

कोणती सीडी लावू? एकच होती लावण्यासारखी.
शालन नाबर गायली, तबल्यावर मोरू धामणसकर,
पेटीवर मी.
दोन हजार एक साल, वांद्र्याचं एक गॅरेज,
पाचशे प्रती काढल्या,
तीनशे बारा अजून पलंगाखाली.
तिसऱ्या बंदिशीत, अकराव्या मिनिटाला, सम हुकते.
मोरूने मात्रा खाल्ली, असं मी म्हणालो होतो,
सगळ्यांदेखत, हातात चहाचा कप असताना.
तो काही बोलला नाही.
डग्ग्याची गवसणी चढवली, नाडी बांधली, गेला.
बोलणं राहिलं ते राहिलंच.

आधी काही फरकच वाटेना.
मनात म्हटलं, गेले एकवीसशे.
मग तानपुऱ्याच्या तारा सुट्या झाल्या,
चार. मोजता आल्या.
आणि डग्गा, जो इतकी वर्षं माझ्या पेटीबरोबर
एका गोधडीत झोपायचा,
उठून आपल्या जागेवर जाऊन बसला.

अकरावं मिनिट.
भात्याचा श्वास ऐकू आला, माझ्याच डाव्या हाताचा,
आणि समेवर मी
अर्धी मात्रा आधी.
मोरू चुकलाच नव्हता.
त्याने फक्त एक इवलंसं तिरकिट
माझ्या चुकीखाली सरकवलं,
डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली
पुठ्ठ्याची घडी सरकवावी तसं.

परत लावलं. चारदा.
मग खोकं काढून जुन्या तारेवर ऐकलं,
तिथे मोरूच चुकत होता, बिनबोभाट.
जुना काही खोटं बोलत नव्हता म्हणा.
माझ्यासारखंच त्याचं,
साक्षीदार नाराज आहे, एवढंच सांगायचा.

डायरीत मोरूचा नंबर सात आकडी.
पुढे दोन लावायचा असतो
हे आठवायला वेळ गेला.
काय सांगू त्याला?
सुरुवात झुबेरपासून करीन.
अरे, अठराशेत भारी वस्तू मिळते,
तुझा प्लेअर आहे ना अजून,
पाठीमागे बघ, बूच असेल,
काढ आणि तिसरी बंदिश लाव.
नको.
त्याला कशाला ऐकवायचं?
त्याला तर तेव्हाच ऐकू आलं होतं.

पलीकडे रिंग जातेय.
कपाट अजून भिंतीपासून ओढलेलंच आहे.